इंग्रजी कविता शिकवायची साधनं आणि शेजारच्या वर्गातला मराठीचा तास

प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या गावातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत एक मॅडम या जूनपासून नववी-दहावीला इंग्रजी शिकवतायत. वर्गात साठाच्या वर मुलं. कवितेचं ‘अप्रिसिएशन’, म्हणजे रसग्रहण, मुलं गाईडातून पाठ करतात आणि पेपरात कुठलीही कविता आली तरी पाठ झालेलंच उतरवतात. एका विक्रेत्यानं पीपीटी, व्हिडिओ आणि वर्कशीटचा अडीच हजारांचा संच देऊ केलाय. तो घ्यावा का, आणि नाही घेतला तर वर्गात वापरायचं काय, असं त्यांनी विचारलंय.

मॅडम, संच राहू द्या. त्या पैशांचं काय करायचं ते शेवटी सांगतो.

आधी तुमच्याच शाळेचं वेळापत्रक बघा. दहावी अ ला मराठीच्या तासाला कवितेचं रसग्रहण चालतं: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषेची वैशिष्ट्यं. मधली सुट्टी होते, तुम्ही आत जाता आणि फळ्यावर ‘अप्रिसिएशन ऑफ द पोएम’ लिहिता. वर्ग तोच, बाकही तेच, आणि काम जवळजवळ तेच. पण हे एकच काम आहे असं मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं. मुलाच्या लेखी मराठीतली कविता ही कविता असते आणि इंग्रजीतली कविता हा पाच मार्कांचा प्रश्न असतो.

इंग्रजी शिकवताना पहिली पाच-सहा वर्षं मीही ते सांगितलं नाही. माझ्या कॉलेजच्या वहीत ‘फिगर्स ऑफ स्पीच’ची, म्हणजे अलंकारांची, यादी होती. ती मी व्याख्यांसकट डिक्टेट करायचो आणि मुलं पाठ करायची. परीक्षेत ‘ॲलिटरेशन’ची व्याख्या बिनचूक यायची, पण समोरच्या कडव्यातलं ॲलिटरेशन सापडायचं नाही. एकदा मराठीचे सर रजेवर होते म्हणून त्यांच्या ऑफ तासाला मी गेलो. वेळ काढायचा म्हणून म्हटलं, पुस्तकातली कुठलीही कविता उघडा आणि चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीव वस्तू माणसासारखी वागते ती ओळ, दाखवा. मागच्या बाकावरच्या पोरानं दोन मिनिटांत ओळ दाखवली. माझ्या तासाला त्यालाच ‘पर्सॉनिफिकेशन’ म्हटलं की हाच मुलगा मान खाली घालायचा.

तेव्हापासून कवितेचं पहिलं साधन म्हणून मी मराठीच्या शिक्षकांसोबतचा चहा धरतो. त्यांचे अलंकार कुठवर झाले हे विचारून घ्यायचं आणि आपला तास त्याला जोडायचा. यमक म्हणजे राइम, अनुप्रास म्हणजे ॲलिटरेशन, उपमा ती सिमिली, रूपक ते मेटाफर, अतिशयोक्ती म्हणजे हायपरबोली. बहिणाबाईंचं ‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर’ फळ्यावर लिहा आणि ‘जसा’भोवती गोल करा. इंग्रजीत हाच ‘जसा’ ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ म्हणून येतो. आता ‘जसा’ पुसा आणि ‘संसार म्हणजे तवाच’ असं म्हणा, की झालं रूपक. सिमिली आणि मेटाफर यांतला फरक समजावायला मला याहून मोठं साधन आजवर लागलेलं नाही.

जिथं जोडी तंतोतंत जुळत नाही, तिथं मात्र थांबायचं. आपला अनुप्रास चरणात एखादं अक्षर कुठंही पुन्हा पुन्हा आलं तरी होतो. ॲलिटरेशन मुख्यतः शब्दाच्या सुरुवातीच्या आवाजाचं असतं. ‘अपॉस्ट्रॉफी’ तर मुलांना हमखास अडवतो, कारण व्याकरणात त्यांनी त्याच नावाचं चिन्ह शिकलेलं असतं. तिथं व्याख्या देऊ नका. अभंगात विठ्ठल समोर उभा असल्यासारखी हाक मारतात ना, तसंच कवी इथं हजर नसलेल्या माणसाला हाक मारतोय, एवढं सांगितलं की पुरतं.

आता राइम स्कीम, म्हणजे कुठली ओळ कुठल्या ओळीशी जुळते ते ए, बी, सी अशा अक्षरांनी दाखवणं. एका मार्काचा हा भाग सगळ्यात सोपा समजला जातो, आणि मराठी माध्यमाची मुलं नेमकी इथंच चुकतात, कारण ती यमक डोळ्यांनी शोधतात. हेन्री ली यांची ‘द ट्विन्स’ घ्या. पहिल्या चार ओळी ‘लिम’, ‘ब्रदर’, ‘हिम’, ‘अनदर’ या शब्दांवर संपतात. ‘लिम’च्या स्पेलिंगमध्ये शेवटी ‘बी’ आहे. माझ्या वर्गात एका मुलीनं तो शब्द खणखणीत आवाजात ‘लिंब’ असा वाचला. वर्ग हसला, कुणीतरी ‘सरबत’ म्हणालं, आणि मला एकदम लक्षात आलं की इतकी वर्षं मुलं इथं ‘ए बी सी बी’ का लिहीत होती. ‘लिंब’ आणि ‘हिम’ जुळणार तरी कसे? त्यांच्या हिशेबानं उत्तर बरोबरच होतं.

म्हणून उपाय असा. कवितेतल्या प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द फळ्याच्या उजव्या कडेला देवनागरीत लिहायचा: लिम, ब्रदर, हिम, अनदर, किन, पिच, ट्विन, विच. आता पाचवीतलं पोरही ‘एबीएबी सीडीसीडी’ सांगेल. त्याच कवितेत पुढे ‘वर्स’ आणि ‘नर्स’ येतात. एकात ‘ओ आर’, दुसऱ्यात ‘यू आर’, आवाज एकच. उलटही होतं. ‘लव्ह’ आणि ‘मूव्ह’ची शेपटी कागदावर अगदी सारखी, पण देवनागरीत लिहिल्याबरोबर फरक दिसतो. ॲलिटरेशनलाही हाच उपाय चालतो, कारण ‘नाइफ’ आणि ‘नी’ यांत ‘के’ दिसत असला तरी ऐकू येतो तो ‘न’. इंग्रजीच्या तासाला फळ्यावर देवनागरी लिहायची म्हणून तपासणीला आलेले एक साहेब माझ्यावर नाराज झाले होते. मी त्यांना हा तक्ता दाखवला. ते काही बोलले नाहीत. पटलं की नाही, माहीत नाही.

देवनागरी एक-दोन ठिकाणी दगाही देते, ते आधीच सांगून ठेवा. इंग्रजीतले ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ आपण बऱ्याचदा दोन्ही ‘व’नंच लिहितो, ‘जे’ आणि ‘झेड’चे आवाज ‘ज’मध्ये घालतो. ‘वेरी वेल’ असं लिहून मुलं त्याला ॲलिटरेशन म्हणतात, ते यामुळेच.

कवितेची सुरुवात करायला ‘द ट्विन्स’च घ्या, मग पुस्तकातला क्रम काही का असेना. ही विनोदी कविता आहे, आणि विनोद कळला की नाही हे मुलांच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं, ‘कळलं का?’ विचारायची गरज नाही. पहिल्या दिवशी पुस्तकं बंद ठेवून मी दोनदा वाचतो. दुसऱ्यांदा वाचून झालं की एवढंच विचारतो: काय घडलं? मराठीत सांगितलं तरी चालेल. दोन जुळे भाऊ, आंघोळ घालताना नर्सकडून अदलाबदल झाली, याचं नाव त्याला आणि त्याचं याला. ‘ख्रिसन्ड’ हा शब्द अडतो. त्याला बारसं म्हणायचं आणि पुढं जायचं. बाप्तिस्म्यावर दहा मिनिटं घालवायची नाहीत.

मग एका ओळीवर थांबायचं. ‘फॉर वन ऑफ अस वॉज बॉर्न अ ट्विन’, म्हणजे आमच्यातला एक जण जुळा जन्मला. मी काही न बोलता मुलांकडे बघतो. आधी शांतता. मग कोपऱ्यातून कुणीतरी म्हणतं, ‘सर, पण जुळे तर दोघंही असतात ना!’ ते एक वाक्य येईपर्यंत थांबायचं, आपण सांगून टाकायचं नाही. हे शिकायला मला फार वर्षं लागली. शांतता झाली की शिक्षकाला वाटतं तास वाया चालला, आणि तो उत्तर देऊन मोकळा होतो.

शेवटी निवेदक म्हणतो की मी मेलो आणि शेजाऱ्यांनी येऊन भाऊ जॉनला पुरलं. त्यावर एक मुलगा म्हणाला, ‘मग कविता कोण सांगतंय?’ या प्रश्नावर माझा पुढचा अख्खा तास गेला. पोर्शन एक दिवस मागं पडला, पण त्या तुकडीतल्या मुलांना ‘निवेदक’ आणि ‘कवी’ यांत फरक असतो हे वेगळं शिकवावं लागलं नाही.

गंभीर कवितेचं तंत्र वेगळं. अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनच्या ‘ओ कॅप्टन! माय कॅप्टन!’ला बहुतेक ठिकाणी काय होतं? पहिला पूर्ण तास अब्राहम लिंकनच्या चरित्राचा व्हिडिओ. तो संपला की मुलांना लाकडाची झोपडी लक्षात राहते, कविता राहत नाही. मी फळ्यावर तीन ओळी लिहितो: 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध. 9 एप्रिल 1865, दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. 14 एप्रिलला लिंकनवर गोळी झाडली, दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. विजय आणि मृत्यू यांत पाच-सहा दिवसांचं अंतर. झाला इतिहास. जहाज म्हणजे देश, वादळी प्रवास म्हणजे युद्ध, कॅप्टन म्हणजे लिंकन हे रूपक मुलं स्वतःच जुळवतात.

यानंतर रंगीत पेन काढायला लावतो. दुसऱ्या कडव्यात ‘यू’ आणि ‘युअर’ जिथं असेल तिथं निळी रेघ, तिसऱ्या कडव्यात ‘ही’ आणि ‘हिज’खाली लाल. दुसरं कडवं निळंशार होतं. झेंडा तुझ्यासाठी, बिगुल तुझ्यासाठी, फुलांचे गुच्छ तुझ्यासाठी. ‘फॉर यू’ एकट्या त्या कडव्यात पाच वेळा येतं. तिसऱ्या कडव्यात निळी रेघ एकही नाही. ‘माय कॅप्टन डझ नॉट आन्सर, हिज लिप्स आर पेल अँड स्टिल.’ मग विचारायचं, रंग का बदलला?

एका वर्षी एक मुलगी म्हणाली, ‘आधी त्याच्याशी बोलत होता, आता त्याच्याबद्दल बोलतोय.’ तिच्या शेजारची थोडं थांबून म्हणाली, ‘आमचे आजोबा गेले तेव्हा आजी त्यांनाच हलवून उठा म्हणत होती. मग आमच्याकडं वळली आणि म्हणाली, बोलंनात रे.’ वर्गात कुणी हललं नाही. मीही काही जोडलं नाही. तास संपायला सात-आठ मिनिटं होती, ती तशीच जाऊ दिली.

या कवितेची राइम स्कीमही जरा बघण्यासारखी आहे. पहिलं कडवं ‘डन’, ‘वन’, ‘एग्झल्टिंग’, ‘डेअरिंग’, ‘हार्ट’, ‘रेड’, ‘लाइज’, ‘डेड’ असं संपतं, म्हणजे ‘ए ए बी बी सी डी ई डी’. ‘एग्झल्टिंग–डेअरिंग’ हे यमक अगदी ओढूनताणून आहे, आणि मुलांनी तसं म्हटलं तर त्यांना शाबासकी द्या. व्हिटमनची बहुतेक कविता मुक्तछंदात आहे. यमकात बांधलेली ही कविता त्याच्यासाठी अपवाद. आणि लोकांना नेमकी हीच इतकी आवडली की पुढं तो स्वतः तिला वैतागला होता. मुलांना हे सांगितलं की कवी हा माणूस वाटायला लागतो.

लिहिण्याकडे येऊ, कारण शेवटी मार्क तिथंच आहेत. पाच मार्कांची वाटणी तुम्हाला ठाऊकच असेल: शीर्षक अर्धा, कवीचं नाव अर्धा, राइम स्कीम एक, फिगर ऑफ स्पीच एक, थीम दोन. यातले तीन मार्क सवयीचे आहेत, वर सांगितलेल्या गोष्टी झाल्या की ते येतात. मुलं घसरतात ती थीमच्या दोन मार्कांत. ‘दिस पोएम गिव्हज अस अ व्हेरी गुड मेसेज’ हे वाक्य तुमच्या साठ वह्यांत तुम्हाला चाळीस वेळा भेटेल. मी ते वाक्य वर्गात बंद करून टाकलंय. सरळ बंदी. त्याऐवजी नियम एकच: थीमच्या पहिल्या वाक्यात कवितेतली एक तरी वस्तू आली पाहिजे. झेंडा, बिगुल, नर्स, काहीही.

एका मुलाचा आधीचा मजकूर असा होता: ‘द पोएट सेज दॅट ही इज व्हेरी सॅड. इट इज अ नाइस पोएम.’ नियमानंतर त्यानं लिहिलं: ‘द बेल्स आर रिंगिंग फॉर द कॅप्टन बट ही कॅनॉट हिअर. द पोएट कॅनॉट एन्जॉय द विन.’ ‘विन’च्या जागी ‘व्हिक्टरी’ हवं होतं, मी ते हिरव्या पेनानं सुचवलं, बाकी हात लावला नाही. अशी मुलांनीच लिहिलेली चार-पाच वाक्यं चार्टवर नावासकट लावा. गाईडातलं उत्तर वाचून मूल घाबरतं. शेजारच्याचं वाचून त्याला वाटतं, एवढं तर मलाही येईल.

बाहेरच्या साधनांपैकी मी काय वापरतो ते पटकन सांगतो. पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ ई-बालभारतीवर फुकट मिळतात. कविता मोठ्या अक्षरात छापायला त्या बऱ्या पडतात. पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून ‘दीक्षा’ ॲपवर जाता येतं, पण तिथलं आधी स्वतः बघून घ्या, मगच वर्गात लावा. जुन्या कवितांचं वाचन ऐकवायचं तर लिब्रिव्हॉक्सवर कॉपीराइट संपलेल्या साहित्याची ध्वनिमुद्रणं विनामूल्य आहेत. मात्र पहिलं वाचन तुमच्याच आवाजात व्हायला हवं. परदेशी उच्चार पहिल्याच फटक्यात कानावर पडले की मागचे तीन बाक कान मिटून घेतात. तुमचं वाचन दोनदा ऐकल्यावर तेच ध्वनिमुद्रण लावा, मुलं ओळखीच्या ओळी शोधत ऐकतात. पोएट्री फाउंडेशनच्या संकेतस्थळावर कवितांचा मूळ पाठ सहसा नीट असतो. इतर ठिकाणची कविता ताडून घेतल्याशिवाय फळ्यावर लिहू नका. ‘यू स्टार्ट डाइंग स्लोली’ जगभर चिलीचे कवी पाब्लो नेरुदा यांच्या नावावर फिरते, ती मुळात ब्राझीलच्या मार्था मेदेइरोस यांच्या लेखनातली आहे. मुलांना ही गंमत सांगा, पेपरात मात्र पाठ्यपुस्तकात जे नाव आहे तेच लिहायला लावा. अर्धा मार्क वादात घालवण्यात अर्थ नाही.

नववीला वेळ थोडा मोकळा असतो. तिथं मी पुस्तकाबाहेरची दोन माणसं आणतो. अरुण कोलटकर मराठीतही लिहायचे आणि इंग्रजीतही. त्यांचं ‘जेजुरी’ हे इंग्रजी पुस्तक 1976चं, त्याला 1977मध्ये कॉमनवेल्थ पोएट्री प्राइझ मिळालं. त्यातली पहिलीच कविता एसटीतून जेजुरीला जाण्याची आहे. ज्यांच्या घरचं कुलदैवत खंडोबा आहे अशी चार-पाच मुलं प्रत्येक वर्गात निघतात. इंग्रजी कवितेत आपली बस आलीय हे बघून त्यांचे चेहरे कसे होतात ते एकदा बघाच. सगळं पुस्तक या वयाला झेपणारं नाही, दोन-तीन कविता निवडा. दुसरे दिलीप चित्रे. तुकोबांच्या अभंगांचे त्यांनी इंग्रजीत अनुवाद केलेत. मूळ अभंग आणि अनुवाद शेजारी ठेवायचे आणि विचारायचं, इंग्रजीत येताना काय सांडलं? यमक सांडलं हे पहिल्याच फेरीत येतं. नंतर जे येतं ते दर वर्षी वेगळं असतं. हा तास मी मराठीच्या सरांसोबत घेतो, दोघंही वर्गात. मुलांना त्याचंच जास्त अप्रूप.

समजा तुमच्या वर्गात वाचताच न येणारी दहा-बारा मुलं आहेत. बहुतेक वर्गांत असतात, आपण बोलत नाही इतकंच. त्यांना कवितेतून बाहेर ठेवू नका. उलट धड्यापेक्षा कविताच त्यांना सोपी, कारण ओळ छोटी असते आणि तोंडी बसते. समूहवाचनात ‘फॉलन कोल्ड अँड डेड’सारखी परत परत येणारी ओळ त्यांच्याकडे द्यायची. बाकी वर्ग कडवं वाचतो आणि ती ओळ आली की ही मुलं म्हणतात. आधी ऐकून पाठ होते, मग डोळे त्या ठिकाणी जाऊन थांबायला लागतात.

आता ते अडीच हजार. कार्डशीट, स्केचपेन, लांब पाकिटं आणि मोबाइलला जोडायचा एक छोटा स्पीकर, एवढं आणा. उरलेल्यात कोलटकरांचं पुस्तक बसतंय का बघा. प्रत्येक कविता कार्डशीटवर मोठ्या अक्षरात लिहून ओळी कापा, एका कवितेचे सात-आठ संच करा, एक संच एका पाकिटात. मुलांनी गटात बसून, पुस्तक न उघडता, ओळी लावायच्या. लावताना ती आपोआप यमक शोधतात, स्वल्पविराम बघतात, ‘दॅट’नं सुरू झालेली ओळ पहिली असू शकत नाही यावर भांडतात. तुम्ही नुसतं बाकांमधून फिरायचं. साठ मुलांत आवाज होणार, शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा.

पट्ट्या दर वर्षी हरवतात. हरवलेली पट्टी लगेच नव्यानं लिहून ठेवू नका. पुढच्या तुकडीला सांगा, एक ओळ गेलीय, यमक जुळवून तुम्हीच भरून द्या, मग पुस्तक उघडून ताडून बघू. माझ्या ‘ट्विन्स’च्या एका पाकिटात ‘विच’शी जुळवलेल्या अशा तीन वेगवेगळ्या ओळी आहेत, तीन वर्षांच्या तीन हस्ताक्षरांत. त्यातल्या एकीत ‘किचन’चं स्पेलिंग चुकलंय आणि तरी यमक बसत नाही. ती पट्टी मी काढलेली नाही, कारण दर वर्षी कुणीतरी ती बरोबर हुडकून काढतं.